गोष्ट घरची, सामान बाजारचे

शाळा-कॉलेजातल्या मुलांमध्ये अलीकडे एक बैठा खेळ आला आहे. त्याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. एक मूल गोष्ट सांगते आणि बाकीची मुले त्या गोष्टीतली माणसे होतात. 'समोर खंदक आहे, पूल तुटलाय, काय कराल?' असे सांगणारा विचारतो. कुणी उडी मारतो, कुणी दोर शोधतो. उडी साधली की नाही, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. या खेळांतला सर्वांत प्रसिद्ध 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. यात कुणी हरत-जिंकत नाही, पैसा लागत नाही आणि मोबाइल बाजूला राहतो. म्हणून आमच्या घरी मुलांची बैठक जमू लागली तेव्हा आम्हाला बरेच वाटले.

मात्र या खेळामागोमाग बाजारही घरात येतो. धातूचे फासे, ते टाकायचा मखमली ट्रे, सांगणाऱ्यापुढे उभा करायचा पडदा, रंगवलेल्या छोट्या मूर्ती, चौकटी छापलेली चटई, जाडजूड पुस्तके. थोरल्याने ईदीच्या पैशांची यादी केली तेव्हा ती अकरा वस्तूंवर गेली. ईदी त्याची, हे खरे. पण सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टीबद्दल जी कडक ताकीद आहे ती आपल्या खिशातल्या पैशांनाही लागू आहे, एवढे त्यालाही ठाऊक आहे. म्हणून आम्ही दोघे, दादी आणि मुले बसलो आणि एकेक वस्तू हाती घेतली. इतर घरांतही अशा याद्या निघत असतील, म्हणून हे लिहितो आहोत.

पुस्तकांचा प्रश्न लगेच सुटला. खेळाचे मूळ नियम कंपनीने फुकट वाचायला ठेवले आहेत आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा मोठा भाग सर्वांना वापरण्यासाठी मोकळा केला आहे. नवशिक्या मुलांना तेवढे खूप झाले.

फाशांवर मात्र चर्चा दोन दिवस चालली. पहिली हरकत दादींची. "घरात फासा नको," एवढेच त्या म्हणाल्या. ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नर्द, म्हणजे फाशांवर चालणारा जुना पटखेळ, याबद्दल सही मुस्लिममध्ये सक्त मनाईची हदीस आहे. पैसे लावले नाहीत तरी हा खेळ नाजायज, असे बहुतेक फकीह म्हणतात. जुगार असेल तरच मनाई, असे म्हणणारेही थोडे आहेत. आम्ही कोकणातले, शाफई. आमच्या फिकहच्या ग्रंथांत हिशेबावर आणि विचारावर चालणारे खेळ एकीकडे आणि निव्वळ अंदाजावर चालणारे दुसरीकडे, असा भेद केलेला आहे. थोरल्याने तोच भेद उचलला. "दादी, आमचा खेळ विचारावरच चालतो. फासा फक्त उडी जमली का ते सांगतो."

दादी म्हणाल्या, "मग तेवढ्यासाठी चिठ्ठी काढा. सफरीला कोणाला सोबत न्यायचं यासाठी पैगंबर (स.) बिबींमध्ये कुरआ टाकत. फासा नाही टाकला."

चिठ्ठी म्हणजे तरी नशीबच ना, असे धाकटीने लगेच विचारले. प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर आम्ही देणार नाही. ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमला विचारावे. आमच्या घरात दादींचे मन दुखावून कुठलाही खेळ चालणार नाही, एवढे आम्ही ठरवले. शिवाय चिठ्ठीने खेळ बिघडत नाही, हे हिशेब करून पाहता येते. वीस बाजूंच्या फाशाचे काम दहा चिठ्ठ्या आणि एक नाणे मिळून करतात. चिठ्ठी काढा, नाणे उडवा, छापा आला तर आकड्यात दहा मिळवा. एक ते वीस प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच राहते. फक्त काढलेली चिठ्ठी दर वेळी डब्यात परत टाकून डबा हलवायचा. ती बाहेर राहिली तर पुढच्याचा हिशेब चुकतो. लुडोचे दोन फासे घेऊन बेरीज करण्याची युक्ती काही मुले करतात, ती बरोबर नाही. दोन फाशांत सात हा आकडा छत्तीसपैकी सहा वेळा येतो, बारा मात्र एकदाच.

यात हलके वाटण्यासारखे काही नाही. १९७९ च्या सुमारास फासे पुरेनासे झाले, तेव्हा खुद्द कंपनीने खोक्यात आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालून खेळ विकला होता. त्यानंतरच्या एका खोक्यात फासे होते, पण आकड्यांत रंग भरलेला नव्हता. सोबत एक मेणखडू असे, तो मुलांनी आकड्यांवर घासायचा.

ज्या घरात फाशाला हरकत नाही, त्यांनी सात फाशांचा एक साधा प्लास्टिकचा संच जरूर घ्यावा. यादीतली घेण्याजोगी वस्तू आमच्या मते हीच. चार बाजूंचा किंवा बारा बाजूंचा समतोल फासा घरी कापून होत नाही, आणि काही शे रुपयांत तो संच वर्षानुवर्षे टिकतो. धातूचा संच घेतला तर तो टेबलाला खड्डे पाडतो, मग ट्रे लागतो. एक वस्तू दुसरीला बोलावते, ती अशी.

मूर्तींबद्दल दादींपेक्षा आम्हीच जास्त साशंक होतो. राक्षस, देवदूत, पंखवाले प्राणी, सगळे बोटभर उंचीचे आणि डोळे-नाक रेखलेले. दादींनी मात्र हजरत आयेशा (रजि.) यांच्या खेळण्यांची आठवण दिली. अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात त्यांच्या बाहुल्यांमध्ये एक घोडा होता, त्याला चिंध्यांचे पंख होते, असे येते. घोड्याला पंख कसे, असे विचारल्यावर त्यांनी हजरत सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांचे नाव घेतले आणि पैगंबर (स.) हसले. आशूराच्या रोज्याला भुकेने रडणाऱ्या मुलांसाठी मदिनेतल्या बायका लोकरीची खेळणी करत, ही हदीसही सर्वांना माहीत आहे. चिंध्या काय आणि लोकर काय, दोन्ही घरातलीच. आमच्या मुलांनी कॅरमच्या सोंगट्यांवर कागद चिकटवून नावे लिहिली. छापील चटईवर एक इंचाची चौकट असते आणि ती गोष्टीतले पाच फूट धरतात. कॅरमची सोंगटी त्यात मावत नाही. म्हणून मुलांनी सोंगटीच्या मापाने पुठ्ठ्यावर चौकटी आखल्या आणि वर पारदर्शक प्लास्टिक अंथरले. त्यावर व्हाइटबोर्डच्या पेनाने किल्ला काढायचा, पुसायचा. पेनाचा रंग दिवसेंदिवस ठेवला तर निघत नाही, म्हणून खेळ संपताच पुसावा. पडद्याचे काम दोन जुन्या फायलींनी केले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

श्रीमंत सामानाशी आमचे वैर नाही. अकबर बादशहाने हमजाच्या दास्तानीसाठी सुमारे चौदाशे मोठी चित्रे काढून घेतली. चित्रकारांना त्याला पंधराएक वर्षे लागली. चित्राच्या मागे मजकूर लिहिलेला असे. गोष्ट सांगण्यासाठीचे इतके महागडे सामान दुसरे नसेल. पण तीच दास्तान बाजारात उभे राहून सांगणारे दास्तानगो नुसत्या आवाजावर सांगत.

यादीपेक्षा मोठी गोष्ट चटईवर दिसली. एका मुलाच्या चाचांनी आखातातून चकचकीत फासे पाठवले होते. तो ते कुणाला हात लावू देत नसे आणि त्याच्या बोलण्याला आपोआप वजन येई. रिक्षा चालवणाऱ्या शेजाऱ्यांचा मुलगा, जो गोष्ट सर्वांत छान सांगतो, तो दर वेळी उसन्या फाशासाठी थांबे, आणि पुढे पुढे यायचेच टाळू लागला. बाजारचे सामान घ्यावे की नाही याचा आमचा निकाल तिथे लागला. आता बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. चिठ्ठ्या, नाणे, सोंगट्या सगळे त्यात, आणि डबा कुणा एकाचा नाही. तो मुलगा पुन्हा येतो. त्याने जंजिऱ्याची गोष्ट सुरू केली आहे. कलालबांगडी तोफेपाशी पोचायला पाच जणांना तीन रविवार लागले. भरती-ओहोटीचे दादींना विचारतात, कारण त्यांचे माहेर मुरूडचे.

ईदीतून पेने आणि प्लास्टिक आले, बाकी पैसे शिल्लक आहेत. वीस बाजूंचा एक धातूचा फासा थोरल्याला अजून हवाच आहे, मामाकडे गेल्यावर खेळायला. घेतला तर तो दादींच्या चटईवर येणार नाही, एवढे बोलणे झाले आहे.