गावातले कॉलेज

"कोणत्या कॉलेजात?" हा प्रश्न आपल्याकडे "कुणाची कोण?" याच सुरात विचारला जातो. पुढे आदराने बोलायचे की कणवेने, हे उत्तर ऐकल्यावर ठरते.

त्यामुळे कॅलिफोर्नियात वाढलेल्या माझ्या भाचीने शाळा संपल्यावर युनिव्हर्सिटीऐवजी गावातल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातले, तेव्हा आमच्या घरात जवळजवळ सुतकच पाळले गेले. त्यातून विषय 'क्रिमिनल जस्टिस', म्हणजे पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांचा अभ्यास! "सातासमुद्रापार गेलात ते पोरीला फौजदार करायला?" असे आईने माझ्या बहिणीला फोनवरच विचारले. मार्क कमी पडले असावेत, असा निकाल काकांनी परस्पर देऊन टाकला.

खरी गोष्ट साधी होती. त्या वर्षी मेव्हण्यांची नोकरी गेली होती आणि मुलीला कर्ज काढून शिकायचे नव्हते. तिकडे पदवीला साधारण १२० युनिटे लागतात. त्यांतली ६० कम्युनिटी कॉलेजात करता येतात, आणि राज्यातल्या रहिवाशाला तिथली फी २०१२ पासून युनिटमागे ४६ डॉलर आहे. अशी दोन वर्षांची 'ट्रान्सफर'ची पदवी घेणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जागा देण्याची हमी २०१०च्या कायद्याने दिली आहे. हवे तेच गाव मिळेल असे मात्र नाही. आणि अर्ध्या वाटेत थांबणारेही पुष्कळ असतात.

विषयही काही कालचा नव्हे. बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९१६ साली तिथल्या युनिव्हर्सिटीत पोलिसी कामाचे वर्ग सुरू करवले. मौज अशी की, ते स्वतः कॉलेजात शिकलेले नव्हते. आणि पुढे त्याच युनिव्हर्सिटीत प्राध्यापक झाले!

पहिल्याच आठवड्यात भाची मला म्हणाली, "मामा, आरोपीने आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायचे नसते. दोष सिद्ध करायची जबाबदारी सरकारपक्षाची." मी मनात म्हटले, बाई ग, तुझा खटला आपल्या घरात नेमका उलटा चालला आहे!

तिच्या वर्गात सैन्यातून परतलेले एक गृहस्थ होते, रात्रपाळीचा एक पहारेकरी होता, आणि ज्याचा भाऊ तुरुंगात आहे असा एक मुलगा होता. जामिनाला पैसे नसले म्हणजे खटला उभा राहण्याआधीच माणसाची नोकरी कशी जाते, हे तिला पुस्तकाच्या आधी त्या मुलाने सांगितले.

आता ती युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला आहे. पदवीच्या कागदावर युनिव्हर्सिटीचेच नाव येईल, आणि आमच्याकडे पेढेही त्याच नावाने वाटले जातील. वाटोत बापडे! पण उद्या ती एखाद्या कचेरीत खुर्चीवर बसेल आणि समोर कुणाचा तरी भाऊ मान खाली घालून उभा राहील, तेव्हा तिला आठवेल तो गावातल्या कॉलेजातला शेजारचा बाक.