जंबेरीचा खुंट

पांढुर्ण्याकडच्या आमच्या मळ्यात धुऱ्यावर जंबेरीचं एक जुनं झाड होतं. खडबडीत सालीची पिवळी फळं, आंबट इतकी की तोंड वाकडं व्हावं, आणि काटे. आम्हा पोरांच्या लेखी ते बिनकामाचं झाड. आबा मात्र त्याचं एक फळ वाया जाऊ देत नसत. पिकलं की चिरून बी काढायचं, धुऊन सावलीत जरासं सुकवायचं आणि लगेच वाफ्यात टाकायचं. फार वाळलं तर ते उगवत नाही.

नागपुरी संत्र्याचं कलमी झाड म्हणजे खरी दोन झाडं: वर संत्रा, खाली जंबेरी. नुसत्या बियांवर संत्रा येत नाही असं नाही. पण तो उंच वाढतो, काटेरी होतो आणि फळाला बरीच वर्षं लावतो. म्हणून जंबेरीचं रोप, म्हणजे खुंट, पेन्सिलीएवढं जाड झालं की हिवाळ्यात शेंदूरजना घाटाकडचे कलमवाले यायचे. जमिनीपासून वीतभर वर टी अक्षरासारखा छेद, सालीखाली संत्र्याचा डोळा, वरून केळीच्या सोपटाचा बंध. पुढे प्लास्टिकची पट्टी आली. "साल आपल्या मनानं सुटली पायजे, पोट्ट्या. ओढू नको." दोन-तीन आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला की लागला म्हणायचं, मग खुंटाचा शेंडा छाटायचा.

शिकायला नागपूरला गेलो तेव्हा कळलं की जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन रोपं निघतात आणि त्यांतली बहुतेक हुबेहूब आईसारखी असतात. संत्रावर्गाच्या बियांचा हा प्रकार डच शास्त्रज्ञ लेव्हेनहुकनं १७१९ मध्येच टिपला होता. आबा वाफ्यातली खुरटी, वेगळ्या पानाची रोपं का उपटून टाकत, त्याचा उलगडा तिथं झाला. त्यांनी कारण कधी सांगितलं नव्हतं; मला वाटतं, सांगण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटलं नसावं.

पुढे सौंसरकडच्या बागांत डिंक्या पाहिला. बुंध्यातून डिंक गळतो, पानं पिवळी पडतात, झाड वरून वाळत येतं. भारी जमीन, साचलेलं पाणी, आणि डोळा मातीलगत भरलेला. तो वीतभर वर का भरायचा, ते अशा बागेत पाहावं. नागपुरात १९८५ साली लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. आता रंगपूर लिंबाच्या खुंटाचंही नाव ऐकू येतं.

बाकी फळझाडांचे लाड एवढे नाहीत. डाळिंबाची फांदी खोचली तरी फुटते, पेरूला गुटी बांधावी, आणि सीताफळ तर कुणी न लावताच टेकडीभर.

रोपं घ्यायला गेलो की संत्र्याचं मी शेवटी विचारतो. आधी खुंट कुठला, बी कुठल्या झाडाचं, डोळा किती उंचीवर. मग पिशवी फाडून मूळ दाखवा म्हणतो. नर्सरीवाला वैतागतो. वैतागू दे, बाग पुढली वीस वर्षं मला सांभाळायची असते.