डिझेल गाडीचं नाक

डिझेल गाडी कशावर चालते असं कुणी विचारलं तर आपण म्हणू, "डिझेलवर, आणखी कशावर?" परीक्षेत मी या उत्तराला निम्मेच गुण दिले असते. १ लिटर डिझेल पुरतं जळायला जवळजवळ १०,००० लिटर हवा लागते. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण २८,००० लिटर हवा मावते. म्हणजे ४० लिटरची टाकी संपेपर्यंत गाडी अशा चौदा खोल्या भरून हवा ओढते. प्रत्यक्षात याहूनही जास्तच, कारण डिझेल इंजिनाला गरजेपेक्षा जादा हवा लागतेच. डिझेल आपण पैसे मोजून भरतो म्हणून त्याचा हिशोब राहतो. हवा फुकटची, तिची चौकशी कोण करणार?

मी या विषयात पडले ती आमच्या भाच्यामुळे. तो वाळवा तालुक्यात राहतो. दाजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सांगलीला न्यावं लागतं, आणि ते सगळं त्याच्या दहा वर्षं जुन्या डिझेल गाडीच्या जिवावर. गेल्या हंगामात गाडी हळूहळू मरगळली. आधी तो म्हणायचा, "मावशी, पिकअप थोडा कमी वाटतोय." मग दहा मिनिटं लवकर निघायला लागला, मग वीस. एकदा उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे टाकायला म्हणून त्याने गाडी बाहेर काढली, पाय दाबला, आणि गाडी हललीच नाही म्हणा ना! समोरून एसटी येत होती. कशीबशी परत ट्रॅक्टरच्या मागे घेतली. मागच्या सीटवर दाजी डोळे मिटून बसलेले, त्यांना काही कळलं नाही. ताईला मात्र कळलं. त्या दिवसापासून ती या गाडीत बसायला घाबरू लागली.

एका मोठ्या गॅरेजमध्ये सांगितलं, टर्बो गेला, पन्नास हजारांच्या आसपास खर्च येईल. दहा वर्षांच्या गाडीवर एवढा पैसा घालायचा, की गाडीच विकायची? आणि विकली तर दाजींना न्यायचं कसं? घरात चार दिवस हीच चर्चा.

शेवटी गावातल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रींनी आधी फिल्टरचा डबा उघडला. म्हणाले, "आधी नाक बघावं, मग काळजाला हात घालावा." आतला घड्यांचा कागद काळा ठिक्कर! साखर कारखान्याच्या चिमणीतून उडणारी राख, जाळलेल्या पाचटाची काजळी आणि रस्त्याची धूळ, सगळ्याचा थर. नवा फिल्टर बसवला, पाचशेच्या आत. गाडी पहिल्यासारखी ओढायला लागली. टर्बो अजून तोच आहे.

आता हे असं का होतं, ते मी मिस्त्रींना खोदून खोदून विचारलं आणि मग थोडं वाचलं. पेट्रोल गाडीत आपला पाय मुळात हवेचं दार उघडतो. डिझेल गाडीत पाय डिझेल किती सोडायचं ते ठरवतो, हवा तिची ती येते. इंजिनात ठिणगी पाडायची सोयच नाही. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं, तेच तत्त्व. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये असं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. तेव्हापासून या इंजिनाची सगळी भिस्त हवेवर.

मग फिल्टर तुंबला की काय होणार? जुन्या गाड्यांत डिझेल तेवढंच पडतं आणि हवा कमी. अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं. नव्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो. हवा कमी आली की गाडीचा संगणक डिझेलच कमी सोडतो. धूर फारसा दिसत नाही, पण ताकद जाते. टर्बोलाही तेवढीच हवा ढकलायला जास्त जोराने फिरावं लागतं, म्हणजे आज शाबूत असलेला टर्बो उद्या खरंच जायचा.

ॲव्हरेजवरून फिल्टरची पारख करावी, असं बरेच जण समजतात. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासून पाहिलं, तर नव्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज फारसं पडत नाही, पण गाडी वेग घ्यायला वेळ लावते, असं दिसलं. म्हणजे पंपावरच्या आकड्यावर विसंबू नये. गाडी फसवते ती नेमकी ओव्हरटेकच्या वेळी.

मला जास्त विचारात टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. भाचा रोज गाडी चालवत होता, तरी त्याला कळलं कसं नाही? कारण फिल्टर एका दिवसात तुंबत नाही. गाडी रोज केसभर कमजोर होते आणि माणूस रोज केसभर पाय जास्त दाबतो. गाडीची कमतरता चालवणाराच नकळत भरून काढतो. डॅशबोर्डवर दिवा लागेलच असंही नाही. म्हणून "बिघाड जाणवला की बघू" हा नियम इथे चालत नाही. तारीख घालूनच बघावं लागतं.

पण उत्साहाच्या भरात काहींना रोज फिल्टर झटकायची सवय लागते, तेही बरं नाही. थोडी धूळ बसलेला कागद उलट बारीक कण जास्त चांगले अडवतो. कागदाचा फिल्टर धुऊ नये. बाहेरून आत हवेचा जोरदार झोत मारू नये, धूळ घड्यांत आणखी रुतते. फाटलेला फिल्टर तर तुंबलेल्याहून वाईट, कारण आत गेलेली धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलेंडर घासून काढते.

गाडीच्या पुस्तकात किती किलोमीटरला फिल्टर बदलायचा ते दिलेलं असतं. ते साध्या रस्त्यांसाठी. कारखाना, वीटभट्टी, खडीचं क्रशर किंवा कच्चा रस्ता जवळ असेल तर त्याच्या आधीच बघावं. आमच्या भाच्याने आता डायलिसिसच्या तारखांच्या कॅलेंडरवरच फिल्टरची खूण केली आहे. गाळप सुरू झाल्यावर महिन्याला एकदा डबा उघडायचा आणि हंगाम संपला की फिल्टर नवा घालायचा. ताई परत गाडीत बसते. फक्त पुढे उसाची ट्रॉली दिसली की अजून म्हणते, "जाऊ दे रे तिला, आपल्याला घाई नाही."