मिठावर बसलेलं मोटारींचं शहर

डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर, एवढं आपल्या सगळ्यांना माहीत असतं. पण या शहराच्या पोटात मिठाची खाण आहे, हे मला इथे आल्यावर कळलं. साधारण १,२०० फूट खोल आणि दीड हजार एकरांहून मोठी. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो आटला, मिठाचे थर मागे राहिले. खाणीचे बोगदे शेजारच्या डिअरबॉर्नच्या, म्हणजे फोर्डच्या गावाखालीही गेले आहेत. वर गाड्या बनतात आणि खालून त्यांना खाणारं मीठ निघतं!

आपल्या अंकात अमेरिकेचं प्रवासवर्णन म्हणजे नायगारा, असं ठरूनच गेलं आहे. तेही कधीतरी लिहीन. पण आपली बरीच मुलं हल्ली इंदूरहून मिशिगनला एमएससाठी येतात आणि दोन-तीन महिन्यांत एखादी जुनी गाडी घेतात. त्यांच्यासाठी आधी हे.

बर्फ पडायचा अंदाज आला की रात्री मिठाचे ट्रक निघतात. कधी खडे मीठ पसरतात, कधी आधीच मिठवणी फवारून ठेवतात. साधारण उणे नऊ अंशांच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही, म्हणून त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. काही ठिकाणी तर बीटाच्या साखर कारखान्यातली मळीसुद्धा घालतात, म्हणजे मीठ रस्त्याला चिकटून राहतं. अर्थात गाडीलाही. अमेरिकेतला काँक्रीटचा पहिला मैलभर रस्ता १९०९ मध्ये इथल्याच वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर झाला. जानेवारीत त्या रस्त्यावरून जा, लाल, निळी, काळी, कुठलीही गाडी एकाच रंगाची दिसते. पापडखाराच्या.

आता, मीठ रंग खातं असं सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो शाबूत असेल तर मिठाचं पाणी त्याचं लगेच काही बिघडवत नाही. पण हा थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, केसापेक्षाही बारीक. पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा बॉनेटवर बसला की रंगाचा टवका उडतो, पत्रा उघडा पडतो आणि मीठ तिथे शिरतं. कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे वरून कोरडी दिसणारी गाडीसुद्धा आतून ओलीच राहते. गंज मग रंगाच्या खालून पसरतो. आपल्याला फुगवटा दिसेपर्यंत त्याचं बरंच काम झालेलं असतं. गोव्याच्या मंडळींना खारी हवा काय करते ते सांगायला नको. इथे तीच हवा चार महिने चाकाखालून फवारली जाते असं समजा.

आपल्याकडे सकाळी एक भैया, एक बादली, एक फडकं आणि सात गाड्या. मालकाला वाटतं गाडी चकचकीत आहे. ती सवय इथे अजिबात आणू नये. वाळलेलं मीठ आणि बारीक रेती कोरड्या किंवा ओलसर फडक्याने पुसली की अख्ख्या गाडीवर चरे पडतात. बर्फ झाडायचा ब्रशही काचेपुरताच ठेवावा, रंगावर ओढू नये.

माझं गणित सोपं आहे. पारा शून्याच्या वर गेला की त्या दुपारी गाडी धुवायची, दर दहा-बारा दिवसांनी. धुलाई केंद्र असं निवडायचं जिथे ब्रश फिरत नाहीत, नुसता पाण्याचा जोर असतो आणि गाडीच्या खालूनही फवारा मारतात. खालचा फवारा महत्त्वाचा, वरची चकाकी नंतर. घरी येण्याआधी दारांच्या रबरी पट्ट्या पुसायच्या, नाहीतर सकाळी दार गोठून बसतं. आणि मिठाने माखलेली गाडी रोज गरम गॅरेजमध्ये ठेवणं ही माया नव्हे. ऊब आणि ओल मिळाली की गंज जोरात चढतो.

हे सगळं सोपं जावं म्हणून ऑक्टोबरमध्ये गाडी नीट धुऊन त्यावर सीलंट किंवा वॅक्सचा हात द्यावा. मीठ सुटायला मदत होते. कवच वगैरे काही होत नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

एप्रिलमध्ये खरी डागडुजी. आधी भरपूर पाणी: चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, डिकीची खाच. मग साबणाच्या पाण्याचा ओलावा ठेवून क्ले बार फिरवायचा. हा कणकेच्या गोळ्यासारखा असतो आणि रंगात रुतलेली कणी उचलतो. बारीक चरे पॉलिशने जातात, पण दर पॉलिशला तो पारदर्शक थर थोडा झिजतो, म्हणून हौसेने दरवर्षी घासू नये. टवके मात्र एकही सोडू नयेत. गंज खरवडायचा, प्रायमर, गाडीच्या रंगाच्या कोडचा टच-अप, वरून क्लिअर. काम हौशी दिसतं, दिसू दे.

रंगापेक्षा मोठी काळजी खाली आहे. ब्रेकच्या तेलाच्या नळ्या स्टीलच्या असतात. त्या गंजून फुटल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने २०१५ मध्ये मिठाच्या राज्यांतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना सूचना काढली होती: नळ्या तपासून घ्या, गाडी खालून धुवा. आणि मिशिगनमध्ये गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणीच नाही. त्यामुळे विकणाऱ्याने धुऊन-पुसून चकाचक उभी केलेली दहा वर्षं जुनी गाडी खालून कशी आहे, हे बघायचं काम तुमचंच.

मुलांनो, गाडी बघायला जाल तेव्हा जुनी चटई न्या आणि मोबाइलचा टॉर्च लावून खाली झोपा. वरवरचा तांबूसपणा चालेल. पापुद्रे सुटत असतील, चौकटीला भोक असेल किंवा ब्रेकच्या नळीवर खपल्या असतील, तर स्वस्त असली तरी सोडा. शक्यतो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसलेला मेकॅनिक गाठा, तो लिफ्टवर चढवून दाखवेल. गाडी आधी कुठल्या राज्यात होती तेही विचारा. टेक्सास किंवा जॉर्जियाची असेल तर दोनशे-चारशे डॉलर जास्त द्यायला हरकत नाही. आणि खालून नवाकोरा काळा थर फासलेला दिसला, तर त्याखाली काय आहे ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं की पुढची गाडी बघा.