भांडणानं राखलेली नावं

टाकवे बुद्रुक मागं पडलं की आंद्रा नदीचं खोरं दोन्ही अंगांनी जवळ येऊ लागतं. पावसाळ्यात भातखाचरांवर ढग टेकतात आणि वर कुसूरच्या घाटाची जुनी वाट धुक्यातून कोकणात उतरते. या खोऱ्यातल्या आमच्या घराची वंशावळ लिहायला घेतली, तेव्हा पणजोबांच्या वडिलांपाशीच सगळ्यांची आठवण थांबत होती.

पुढची वाट कागदांतून गेली. वडगावच्या तहसिलीत गावचे जन्ममृत्यूचे नमुने आणि कोतवाल बुकं पाहिली, त्यापलीकडं मोडीची दप्तरं. मोडी वाचणाऱ्या गुरुजींच्या बोटाखाली एकेक नाव उजेडात येई. अमका बिन तमका. 1858 मध्ये पुणे ते खंडाळा आगगाडी धावली, तेव्हा यांतलं कोण इंद्रायणीकाठी उभं राहून ती पाहत असेल, या विचारानं मी त्या ओळीवर रेंगाळत असे.

या शोधात एक गोष्ट ठसठशीत दिसली. लांबलचक वंशावळी त्याच घरांच्या, जिथं हक्काचा वाद होता. 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार दिले आणि इनामदारांना आपला हक्क पिढ्यांनिशी शाबीत करावा लागला. 1874 च्या वतन कायद्यात पाटील-कुलकर्ण्यांच्या वारसांची नोंद आली. भाऊबंदकीनं घरं फोडली, पण त्याच कज्ज्यांनी खापरपणज्यांची नावं राखली. सुखानं वाटणी करून घेतलेल्या भावांचा कागद झालाच नाही. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्या ठाकर-कातकऱ्यांच्या पिढ्या तर दप्तराच्या दारातही आल्या नाहीत.

नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मात्र भांडण नाही, शोक आहे. अस्थी घेऊन गेलेला माणूस रामकुंडावर बसून घरच्यांची नावं सांगतो आणि खाली सही किंवा अंगठा उठवतो. आमच्या कुणा पूर्वजाचा तो पुसट अंगठा पाहताना माझा हात आपसूक त्यावर टेकला.

बायका मात्र कागदांत फार थोड्या. दिसतेच, तर विधवा होऊन, कुणाची तरी बायको म्हणून. भाताच्या लावणीत कंबर मोडलेल्या, घाट चढून माहेरी गेलेल्या त्या साऱ्याजणी जात्यावर मात्र बोलत राहिल्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांतून सुरुवात करून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत भावाचं, बापाचं, माहेरच्या गावाचं नाव आहे. आईकडून लेकीकडं आलेली ती वंशावळच आहे.

1922 च्या सुमाराला याच खोऱ्यात ठोकळवाडीचं धरण झालं, गावांची शिवारं पाण्याखाली गेली आणि माणसं विखुरली. आज जातीच्या दाखल्यासाठी लोक पुन्हा जुनी दप्तरं धुंडाळताहेत. दाखल्यापुरतं शोधू नका. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा, तिच्या आईचं नि आजीचं नाव, माहेरचं गाव विचारा, आणि वंशावळीत मुलींचीही ओळ काढा. कागद हरवला तर नक्कल मिळते. तिच्याबरोबर गेलेलं नाव कुठल्याच कचेरीत मिळत नाही.