पोझ न देणारं मॉडेल

कुत्र्याचं चित्र काढायचं असेल तर आधी त्याचा दिवस ठाऊक पाहिजे. ते कधी उन्हात पडतं, कधी सावलीला सरकतं, कुठल्या आवाजाला कान टवकारतं आणि कुठला आवाज अर्धा डोळा उघडून सोडून देतं, हे माहीत नसेल तर कागद-पेन्सिल घेऊन बसण्यात अर्थ नाही. माणसाला ‘जरा असं बसा, हनुवटी खाली घ्या’ म्हणता येतं. कुत्र्याला नाही. ते त्याच्या मर्जीनं बसतं आणि तुमची रेघ अर्धी झाली की उठून जातं. माझ्या हाताला खरं वळण लावलं ते या उठून जाण्यानं.

मी गडमुडशिंगीत राहतो. कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, एका अंगाला गांधीनगरची कापडपेठ, दुसऱ्या अंगाला उजळाईवाडीचं विमानतळ आणि उरलेल्या जागेत ऊस. पहाटे गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेल्यांच्या मोटारसायकली सुटतात, त्याच सुमाराला दूध संस्थेसमोर किटल्या खणखणायला लागतात. गल्लीतली सगळी कुत्री तिथं हजर. सांडलेलं दूध चाटायला मिळतं म्हणून ती येतात आणि ती येतात म्हणून मी जातो. हातात एक आखीव रजिस्टर आणि बॉलपेन. चांगला कागद नेला की हात सांभाळून चालतो, सांभाळून काढलेली रेघ कुत्र्याच्या कामाची नसते. आणि बॉलपेनची रेघ खोडता येत नाही, त्यामुळे चुकलेल्या रेघेशेजारी बरोबर रेघ काढून पुढं जावं लागतं.

पहाटेच का, याला कारण आहे. आपलं गावठी तांबूस कुत्रं पाठीवर गडद आणि पोटाखाली फिकट असतं. ऊन डोक्यावर आलं की पाठ उजळते, पोट सावलीत जातं. म्हणजे गडद भागावर उजेड आणि फिकट भागावर अंधार. दोन्हींची फिटंफाट होते आणि अंगाचा गोलावा नाहीसा होतो. भर दुपारी बांधावर उभं असलेलं तांबडं कुत्रं कापून चिकटवल्यासारखं सपाट दिसतं. प्राण्यांच्या रंगातली ही खुबी १८९६ साली अ‍ॅबट थेयर या अमेरिकन माणसानं स्पष्ट करून मांडली, आणि तो पेशानं चित्रकार होता. वर्षानुवर्षं छाया-प्रकाश रंगवणाऱ्याच्या नजरेलाच हे पडावं, याचा मला फार आनंद वाटतो. सकाळी आणि संध्याकाळी ऊन आडवं येतं तेव्हा ही फिटंफाट मोडते. खांदा वेगळा दिसतो, बरगड्या मोजता येतात, मांडीचा स्नायू कुठं सुरू होतो ते कळतं. रेखाटन करायचं ते त्या वेळात.

माझ्याकडं सध्या तीन जनावरं आहेत. म्हातारा मोत्या, काळी, आणि ऊसतोडीच्या टोळीमागून आलेला तांबू. हंगाम संपला, टोळी गावाकडं परतली, हा राहिला. तिघांच्या जागा ठरलेल्या. पत्र्याच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी माझं ईझल, त्याच्या तिकाटण्याखाली काळी, दारात तांबू, आणि मोत्या जिथं ऊन असेल तिथं. खोलीतली शिस्त या तिघांमुळे लागली. ब्रश धुतलेलं पाणी कुत्रं पितं, म्हणून जलरंगाचं भांडं उंच फळीवर आणि त्यांच्या पाण्याची कुंडी दाराशी. टर्पेंटाइनच्या बाटलीला झाकण लागल्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नाही. शिशाचा पांढरा रंग खोलीत येऊच दिला नाही. टायटॅनियम व्हाइटवर सगळं भागतं. तेलाची फडकी पत्र्याच्या डब्यात. घरात कुत्री असणाऱ्या प्रत्येक चित्रकारानं एवढं तरी पाळावंच.

शिकायला मुलं येतात, त्यांना मी पहिल्यांदा मागचा पाय काढायला सांगतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएट चांगल्या श्रेणीनं पास झालेली मुलंही तिथं अडतात. मागच्या पायाचा जो सांधा उलट्या वळलेल्या गुडघ्यासारखा दिसतो, तो गुडघा नव्हेच. ती टाच. कुत्रं बोटांवर चालतं, टाच अधांतरी असते, आणि खरा गुडघा वर, पोटाच्या रेषेशी, कातडीखाली लपलेला असतो. पुढचा पाय त्याहून नवलाचा. आपल्या खांद्याला गळपट्टीच्या हाडाचा आधार असतो. कुत्र्याचं ते हाड नावापुरतं उरलेलं आहे. त्याचा पुढचा पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेला. म्हणून चालताना खांद्याचं पातं कातडीखाली वर-खाली सरकतं. उभ्या कुत्र्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन या पुढच्या दोन पायांवर असतं. हे एकदा समजलं की चित्रातलं कुत्रं जमिनीवर नीट उभं राहतं, नाहीतर ते टांगलेलं दिसतं.

पळणाऱ्या कुत्र्याची तर वेगळीच गोष्ट. जुन्या युरोपियन चित्रांत शर्यतीचे घोडे पुढचे पाय पुढं आणि मागचे मागं फेकून हवेत तरंगताना दिसतात. जेरिकोचं १८२१ चं एप्समच्या शर्यतीचं चित्र त्यात सगळ्यांत प्रसिद्ध. १८७८ साली मायब्रिजनं कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो घेतले, तेव्हा दिसलं की घोड्याचे चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. पसरलेल्या पायांनी तो कधीच तरंगत नाही. कुत्रं मात्र तरंगतं! वेगानं धावणारं कुत्रं एका ढांगेत दोनदा जमीन सोडतं, एकदा पाय गोळा करून आणि एकदा पूर्ण पसरून. आपल्याकडची कारवानी, पश्मी ही शिकारी कुत्री बघितलेल्यांना हे नव्यानं सांगायला नको. मुधोळच्या घोरपडे राजांनी ज्या जातीची जोडी पंचम जॉर्जला भेट दिली आणि पुढं २००५ मध्ये जिच्यावर टपाल तिकीट निघालं, ती हीच घडण: खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब पाय. नांगरलेल्या रानातून असं कुत्रं सुटलं की मी पेन खाली ठेवतो आणि नुसतं बघतो. कागदाकडं मान वळवेपर्यंत सगळं संपलेलं असतं. बघून झाल्यावर डोळे मिटायचे, मग काढायचं. आठवणीतून काढण्याची ही सवय कुत्र्यांनीच लावली आणि ती मला निसर्गचित्रातही उपयोगी पडते, कारण पावसाळ्यातला रंकाळ्यावरचा उजेडही थांबत नसतो.

काळीचं चित्र हा स्वतंत्र विषय आहे. काळं कुत्रं काळ्या रंगानं रंगवलं की चित्राला भोक पडतं. मी ट्यूबमधला काळा वापरत नाही. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना एकमेकांत मिसळून जो गडद रंग तयार होतो तो जिवंत असतो, कारण त्याला निळ्याकडं किंवा तांबड्याकडं झुकवता येतं. काळी दुपारी अंगणात आडवी होते तेव्हा तिच्या पाठीवर आभाळ पडलेलं असतं. तिथला काळा चक्क निळा असतो, ढगाळ दिवशी करडा. पोटाकडं खालच्या मुरमाचा तांबूस उजेड वर उठतो, तिथं सिएना जास्त. कानाच्या पातळ कडेतून ऊन आरपार येतं आणि कड लालसर पेटते. खरा गडद काळा सापडतो तो फक्त काखेत आणि कानाच्या मुळाशी, तेवढ्याच दोन जागी. जलरंगात मी आधी आभाळाचा निळा पातळ थर पाठीवर सोडतो, तो वाळू देतो, मग गडद रंग घालताना तेवढी जागा राखतो. केस काढत बसत नाही. केस दाखवायचे ते कडेला, मानेशी आणि शेपटीला, कोरड्या ब्रशनं दोनचार फटकाऱ्यांत. अंगभर केस काढले की कुत्र्याचं कातडं दिसतं, कुत्रं दिसत नाही.

शेजारच्या एक आजी पहिल्यापासून म्हणतात, “मास्तर, कुत्र्याची कसली चित्रं काढायलाय? देवाची काढा की.” मी त्यांना दत्ताची तसबीर दाखवतो. नरसोबाची वाडी आमच्याच जिल्ह्यात आहे, घरोघरी दत्ताचं चित्र आहे आणि त्या चित्रात पायांशी चार कुत्री आहेत. आजी हसतात, पण पुढच्या वेळी पुन्हा तेच म्हणतात.

इकडं कुत्र्याला मान आहे तो धनगरांमुळेही. आमच्याच रस्त्यानं पुढं गेलं की पट्टणकोडोली. दसरा-दिवाळीच्या दरम्यान तिथं धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. फरांडेबाबा भाकणूक सांगतात आणि भंडाऱ्यानं माणसं, ढोल, छत्र्या, जमीन सगळं पिवळं होतं. मेंढरांबरोबरची कुत्रीही पिवळी होतात. त्या गर्दीत रेखाटन करताना मला नेहमी एक गोष्ट आठवते. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्यासारख्या तीन नाहीत. लाल आणि हिरवा त्याला वेगळे कळत नाहीत; निळा आणि पिवळा कळतात. म्हणजे निळ्या आभाळाखाली उधळलेला भंडारा हा त्या सगळ्या गर्दीतला रंगांचा असा खेळ आहे जो माणूस आणि कुत्रं दोघांनाही दिसतो. यात्रेची चित्रं मी म्हणूनच या दोन रंगांत करतो. लाल फार जपून, कुठंतरी एका पटक्यापुरता.

कोल्हापुरात चित्रकलेची घराणी मोठी. अबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहून त्याच तळ्याची चित्रं पुन्हापुन्हा करत राहिले; टाउन हॉल म्युझियममध्ये त्यांची कामं आहेत, ती बघितली की एकाच विषयाकडं परत परत जाण्याची लाज वाटेनाशी होते. चंद्रकांत मांडरे यांचं कलादालन राजारामपुरीत आहे. पण कुत्र्याच्या बाबतीत मला बाबूराव पेंटर जवळचे वाटतात. ते नाटकांचे पडदे रंगवणारे, मूर्ती घडवणारे, स्वतःचा कॅमेरा घडवून १९२० साली ‘सैरंध्री’ काढणारे. ‘सावकारी पाश’ त्यांनी दोनदा केला, १९२५ मध्ये मूक आणि १९३६ मध्ये बोलका. बोलक्या चित्रपटातलं एक दृश्य जे. बी. एच. वाडियांसारख्या जाणत्या निर्मात्याच्या मनात घर करून राहिलं होतं: लांबून दिसणारी एक उदास झोपडी, अंधुक उजेड, आणि कुत्र्याचं रडणं. एवढंच. कर्जात बुडालेल्या घराची अवस्था सांगायला चित्रकारानं माणूस वापरला नाही, शब्द वापरला नाही. कुत्रं दाखवायचीही गरज त्याला पडली नाही. मला हे कोल्हापूरच्या कलेतल्या फार मोठ्या जागांपैकी एक वाटतं.

गोयाचंही एक चित्र आहे, १८१९ ते १८२३ च्या दरम्यान त्यानं आपल्या घराच्या भिंतीवर रंगवलेलं, आता माद्रिदच्या प्रादोमध्ये. भलीमोठी पिवळट रिकामी जागा आणि तळाशी कुत्र्याचं फक्त डोकं, वर बघणारं. मी ते छापील पुस्तकातच पाहिलंय. त्यातला कान आणि मान यांच्यामधली रेषा बघा. ज्यानं कुत्र्याबरोबर दिवस काढलेत त्यालाच ती रेषा अशी ओढता येईल.

अलीकडं माझ्याकडं येणारी बरीच कामं मेलेल्या कुत्र्यांची असतात. लोक मोबाइलवरचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, असंच काढा. तसं काढून चालत नाही. उभं राहून वरून घेतलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय बारके येतात. जवळून घेतला तर नाक फुगतं, कान मागं पळतात. रात्री फ्लॅश मारला की डोळ्याच्या पडद्यामागचा चकाकणारा थर उजेड परत फेकतो आणि डोळे हिरवे होतात. मालकाला ते खटकत नाही, कारण तो फोटोत नसलेलं मनानं भरून घेतो. चित्रात ते मला भरावं लागतं. म्हणून मी फोटो बाजूला ठेवतो आणि विचारतो.

शेजारच्या गावातले एक शेतकरी आले होते. कुत्र्याचं नाव टायगर. “मास्तर, एवढाच फोटो हाय बघा,” म्हणून त्यांनी मोबाइल पुढं केला. फोटोत निम्मं अंग ट्रॅक्टरच्या चाकाआड. मी विचारलं, कान कसे असायचे? त्यांनी जरा विचार केला. “उजवा ताठ. डावा पडलेला. पर मी रातीला पाणी पाजून आलो, गाडी बंद केली की डावाबी उचलायचा.” मग कुठं बसायचा, उंबऱ्याच्या आत की बाहेर, शेपूट कुठल्या अंगाला, पाठीवर जखमेचा वण होता का, हे सगळं निघत गेलं. चहा दोनदा झाला. तांबूला समोर बसवून मी अंगाची ठेवण घेतली, कारण बांधा जवळपास तोच होता, आणि चेहरा त्यांनी सांगितलेला केला. दोन्ही कान उचललेले. चित्र न्यायला आले तेव्हा त्यांनी किमतीचं काही बोलायच्या आधी एवढंच विचारलं, “गाडी आलीया व्हय?” मी हो म्हटलं.

कोल्हापुरात आणि आसपास चित्रकला शिकणाऱ्या पोरापोरींना माझं एक सांगणं आहे. कुत्र्याचा फोटो डाउनलोड करून चौकटी आखून मोठा करू नका. तुमच्या गल्लीत कुत्रं आहे. रोज एकाच वेळी त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर बसा, टक लावून बघू नका, हातवारे करू नका, पिलं असलेल्या कुत्रीच्या जवळ जाऊ नका. चारआठ दिवसांत ते तुमच्याकडं दुर्लक्ष करायला लागेल, मग खरं काम सुरू होईल. घरात पाळलं असेल तर दर वर्षी त्याला रेबीजची लस टोचून घ्या. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी चारजणांनी मिळून जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. आणि कधी दात लागलाच, अगदी ओरखडा आला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.