ऐकणारें माणूस

विद्येसाठीं घर सोडावें लागे, तो काळ फार जुना झालेला नाहीं. आज मात्र मुळशी तालुक्यांतील आमच्या जांबे गांवीं विद्याच घरीं चालत येते. जवळच हिंजवडीचें संगणक-उद्यान आहे. तेथील नोकरीचा दरवाजा ज्या चाचणीनें उघडतो, तिची तयारी आमची भाची गेले कांहीं महिने आमच्याच घरीं राहून करीत आहे. तास-दीड तासांत दोन-तीन कोडीं सोडवून त्यांचे प्रोग्रॅम लिहावयाचे आणि ते यंत्रानें तपासावयाचे, असा हा प्रकार. पुढील वर्षीं तिच्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते सुरू होतील. तेव्हां हा केवळ बुद्धीचा विलास नव्हे, हें सांगणें नलगे.

या चाचणींत अल्गोरिदमची परीक्षा असते. अल्गोरिदम म्हणजे ठराविक पायऱ्यांनीं उत्तराप्रत नेणारी रीत. हिंदु अंकांवर ग्रंथ लिहिणाऱ्या नवव्या शतकांतील अल्-ख्वारिझ्मीच्या नांवाचा हा अपभ्रंश आहे. भाची तो विषय ऑनलाइन पाठांवरून शिकते. आयआयटी व बंगळूरची आयआयएस्सी यांनीं २००३ सालीं सुरू केलेल्या एनपीटीईएल योजनेंत चेन्नईचे प्राध्यापक माधवन मुकुंद यांचे या विषयावरील पाठ कोणासही विनामूल्य ऐकतां येतात. आयुष्य वर्गावर घालविलेल्या आमच्यासारख्यांस हेवा वाटावा, असा एक गुण या पाठांत आहे. दहा वेळां विचारलें तरी हा गुरु तेंच, तितक्याच शांतपणें, पुन्हा सांगतो; आणि न समजल्याची लाज विद्यार्थ्यास बाळगावी लागत नाहीं.

परंतु या गुरूस विद्यार्थ्याचा चेहरा दिसत नाहीं. समोरचा मान डोलावतो तो समजून कीं सवयीनें, हें तो ओळखूं शकत नाहीं. आणि दुसऱ्यास कोडें सोडवितांना पाहिलें म्हणजे तें आपणच सोडविलें असें वाटणें, हा तर मनुष्यस्वभावच आहे.

एके रात्रीं आम्ही भाचीस म्हटलें, "आज काय शिकलीस, सांग पाहूं." ती हसली. "मामा, तुमचा विषय इंग्रजी, तुम्हांला कंटाळा येईल." तरी तिनें कपाटांतील मोल्सवर्थचा कोश पुढें ओढला. मधलें पान उघडावयाचें. हवा तो शब्द त्याच्या अलीकडे असेल तर पलीकडचा अर्धा भाग सोडून द्यावयाचा, पलीकडे असेल तर अलीकडचा. मग उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य. हजार पानांस फार तर १० वेळां आणि १० लाखांस २० वेळां पाहिलें कीं पुरे! रीत आम्हांस तत्काळ पटली. आम्ही सहज विचारलें, "आणि शब्द कोशांत नसलाच, तर तुझा शोध थांबणार केव्हां?"

ती बोलतां बोलतां थांबली. पाठ तिनें तीन वेळां पाहिला होता. पण ही थांबण्याची जागा तिच्या हातीं आली नव्हती. मग कागदावर पांच शब्दांची यादी लिहून, तिच्या दोन टोकांस दोन पेन्सिली ठेवून, तिनें ती शोधून काढली. पेन्सिली एकमेकींस ओलांडून गेल्या, कीं शब्द नाहीं असें समजावें. चाचणींतील यंत्रही नेमक्या अशाच अडचणीच्या जागा तपासतें.

यांत तिला कमीपणा नाहीं. डॉनल्ड कनूथ यांनीं नमूद केलें आहे कीं, ही रीत प्रथम १९४६ सालीं प्रसिद्ध झाली. परंतु कितीही लांबीच्या यादींत बिनचूक चालणारी तिची कृति प्रसिद्ध व्हावयास १९६० साल उजाडलें. दोन मिनिटांत पटणारी गोष्ट बिनचूक लिहावयास जाणत्यांस चौदा वर्षें लागलीं!

आपल्या पूर्वजांस हें मर्म ठाऊक असावें. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावतीं'तील उदाहरणें कोणा बालेस, कोणा मित्रास उद्देशून विचारलेलीं आहेत. चाळीसगांवजवळ पाटण येथें त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. मठ म्हणजे तरी काय? ग्रंथाभोंवतीं बसलेलीं माणसें.

आज ग्रंथ आणि गुरु दोन्ही घरांत आले. माणसें मात्र आपापल्या खोलीचें दार लावून बसलीं आहेत. पुष्कळ आईबाप म्हणतात, आम्हांस त्यांतलें कांहीं कळत नाहीं. कळावयास नकोच! रोज घटकाभर मुलाजवळ बसावें, "मला समजेल असें सांग" म्हणावें, आणि समजेपर्यंत उठूं नये. नोकरी मिळेल किंवा न मिळेल. परंतु दुसऱ्यास समजेल असें सांगतां आलें, म्हणजे ती विद्या मुलाची स्वतःची झाली.